एक्केचाळिसावा घाणा

३ नोव्हेंबर, सोमवार

तीनशे नव्वद!

मॅडमनी चकती मीटरच्या चिमट्यात तीनदा लावली. तीनदा तेच. मग मला म्हणाल्या, "तुम्ही बघा हो, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही." मी चष्मा पुसून बघितलं. तीनशे नव्वदच.

एक्केचाळिसावा घाणा. मॅडम बॅच म्हणतात, वहीतही बॅच लिहितात. आम्ही जुने भट्टीवाले घाणाच म्हणतो. वर्षभरात चाळीस घाणे काढले, पण आकडा दोनशे वीसच्या वर कधी चढला नाही. शिशाच्या चकत्या साडेचारशे देतात. बिनशिशाच्या चकतीने साडेतीनशे दिले तरी कंपनीला पुरणार होते. आणि आज एकदम तीनशे नव्वद.

मॅडम हसल्या. त्यांचे दात वरखाली आहेत हे मला वर्षभराने आज कळलं.

घरी येऊन हिला सांगितलं. तिला चकती म्हणजे काय ते पुन्हा समजावून द्यावं लागलं. "गॅसचा लायटर दाबतेस, टिक होऊन ठिणगी पडते, ती आतल्या चकतीची करामत. तिच्यावर दाब पडला की ती वीज देते. पण त्या चकतीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. लायटर उकिरड्यावर गेला की ते शिसं मातीत जातं."

"मग आता काडेपेटी आणू म्हणता?"

"काडेपेटी कशाला? बिनशिशाची चकती निघालीय."

"तुम्ही काढलीत?"

"मॅडमनी. मी भट्टीचं दार लावलं."

"दार लावणाऱ्याचं नाव छापतात का?" म्हणाली आणि ताट वाढायला उठली. पण खूश होती. मला दोनदा आग्रह केला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

साहेब खाली आले. ते सहसा येत नाहीत, त्यांना भट्टीचा उष्मा सोसत नाही. उभ्याउभ्याच बोलले. पंधरा डिसेंबरला वरची मंडळी येणार. तोवर एक्केचाळीससारखा आणखी एक घाणा निघाला तर शिशाची भट्टी बंद, कायमची. नाही निघाला तर शिशाच्या चकत्यांची तीन वर्षांची मागणी पडून आहे ती घ्यायची आणि त्या भट्टीवर आणखी सहा माणसं लावायची.

"मला दोन्ही चालतं," साहेब म्हणाले.

मला चालत नाही. हे तिथे बोललो नाही, इथे लिहितो. त्या भट्टीवर मी एकवीस वर्षं काढली. गेल्या वर्षी मॅडमनी मला या नव्या खोलीत मागून घेतलं. वस्तादांनी त्या भट्टीवर चौतीस वर्षं काढली. मला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. चकत्या भाजायची मातीची मूस नखाने वाजवून तिची चीर आवाजावरून ओळखायची, भट्टीचा रंग पाहून अंश सांगायचे. शेवटची चार वर्षं त्यांचं उजवं मनगट लोंबकळत असायचं. पेला उचलता यायचा नाही. मी भेटायला गेलो की म्हणायचे, "हात झोपलाय रे, मी जागा आहे." दोन वर्षांपूर्वी गेले. दाखल्यावर मूत्रपिंडाचं कारण लिहिलं. शिशाचं नाव कुठेच नाही.

देवा, ती भट्टी विझू दे. दुसरं काही मागत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बेचाळीस – दोनशे पाच.

९ नोव्हेंबर, रविवार

सुटी. सकाळी देवापुढे बसलो, पण नाम घेताना जीभच जड. कालपासून तोंडात गोडसर चव आहे, तांब्याच्या भांड्यातलं शिळं पाणी प्यायल्यासारखी. दोनदा चूळ भरली, जात नाही.

वस्ताद शेवटी शेवटी हेच सांगायचे. "तोंडात गोड येतं रे, आणि साखर खाल्लेली नसते." म्हणून आज ते फार आठवले. नुसते आठवले असं नाही. दुपारी पडलो होतो तेव्हा खिडकीच्या चौकटीवर कोणीतरी नख वाजवलं. दोनदा, थांबून तिसऱ्यांदा. मूस वाजवताना ते असंच वाजवायचे. उठून पाहिलं. कोणी नाही.

हिला सांगितलं नाही. भुताखेतांच्या गोष्टी तिला खपत नाहीत. म्हणेल, देवाचं करता आणि भुताला भिता, एक काय ते ठरवा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

त्रेचाळीस – एकशे नव्वद. उतरतोच आहे.

मॅडम, चष्मेवाली आणि मी टेबलाभोवती बसलो. चष्मेवाली म्हणजे मॅडमच्या हाताखालच्या संशोधक, दोन मुलांची आई. बोलतात कमी, लिहितात फार. त्या म्हणाल्या पावडर ओलावली असेल. ही पावडर हवेतलं पाणी पिते हे खरं. पण तिन्ही घाणे एकाच बरणीतले, एकाच दिवशी वाळवलेले. भट्टी तीच, अकराशे वीस अंश तेच, भाजलेल्या चकत्यांना वीज पाजायचं तेल तेच, वीज तीच.

"मग एक्केचाळीसला वेगळं काय होतं?" मॅडमनी विचारलं.

वही उघडली. एक्केचाळीस भरला तो दिवस एकोणतीस ऑक्टोबर. त्याच आठवड्यात चिमटा निसटून माझा उजवा तळवा भाजला होता, हाताला पट्टी होती. म्हणून चकत्या चष्मेवालींनी दाबल्या, मुशीत त्यांनीच रचल्या. मी फक्त डाव्या हाताने दार लावलं.

"मी रचल्या म्हणून आकडा वाढला असेल, तर माझा पगार वाढवा," चष्मेवाली म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

पण एकोणतीस ऑक्टोबर! वस्ताद गेले ती तारीख.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो म्हणजे निदान कुठेतरी राहील.

शिशाच्या भट्टीत एक रीत होती. चकत्या तापल्या की त्यांच्यातलं शिसं वाफ होऊन निसटतं आणि चकती फुसकी निघते. म्हणून दार लावण्याआधी शिशाच्या जुन्या पावडरीची एक चिमूट कोपऱ्यात टाकायची. भट्टीच्या हवेत आधीच शिसं असलं की चकतीतलं जागचं हलत नाही. वस्ताद याला घास म्हणायचे. "आधी भट्टीचं पोट भर, मग ती तुझ्या चकत्या खाणार नाही." त्यांच्याकडे पावडरीचा एक चपटा पत्र्याचा डबा असायचा. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने तो मला दिला.

तो डबा मी नव्या खोलीत आणला. भट्टीमागच्या फळीवर, मागच्या अंगाला ठेवला. आठवण म्हणून, दुसरा हेतू नव्हता. येता-जाता हात जोडत होतो. पण ज्या खोलीत शिशाचा कणही नको त्या खोलीत मी शिशाचा डबा ठेवला, हे खरं आहे.

आणि एक्केचाळीसच्या दिवशी मी दारापाशी उभा होतो, वस्ताद मनात होते, डावा हात फळीकडे गेला होता – हे मला दिसतं. चिमूट दिसते. कोपऱ्यात पडलेली पिवळी रेघ दिसते. पण ती त्या दिवशीची की एकवीस वर्षांतल्या हजारो दिवसांपैकी कुठल्या दिवशीची, ते काही केल्या ठरत नाही. हाताला सवय होती. हाताने माझं न ऐकता केलं असेल.

तसं असेल तर ते तीनशे नव्वद बिनशिशाचे नाहीतच. शिशाचे आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चव्वेचाळीस – दोनशे पंधरा.

मॅडमनी घाणे थांबवले. पावडर आता एकाच घाण्यापुरती उरलीय आणि तिच्यातलं नायोबियम महाग, पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नाही. म्हणाल्या, "पंधरा तारखेला एक्केचाळीसच दाखवू. एकदा निघालं म्हणजे निघू शकतं. साहेब सही करतील."

साहेब सही करतील, शिशाची भट्टी बंद होईल, सहा माणसं तिथे जाणार नाहीत. मी फक्त गप्प बसायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गावच्या शाळेत आम्हाला गणित शिकवायला एकच गुरुजी होते. उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की पाटीवर भलंमोठं शून्य काढायचे. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "गुरुजी, उत्तर तर आलंय ना?" ते म्हणाले, "आलंय. पण तुझं नाही आलेलं."

आज दिवसभर तेच डोक्यात. पण गुरुजींच्या गणितात कुणाचा हात लोंबकळत नव्हता. उत्तर चुकलं तर सहा माणसं भट्टीवर उभी राहत नव्हती.

देवाला विचारावं तर देव दोन्ही बाजूंनी बोलतो. खोटं बोलू नकोस असंही सांगतो, दुसऱ्याला वाचव असंही सांगतो. मी नाम घेत बसलो. मध्येच लक्षात आलं की मण्यांबरोबर दुसरा एक आवाज चालला आहे, नखाचा. मी थांबलो की तोही थांबतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमबरोबर जिन्यावरून तीन मजले उतरलो. तिन्ही मजले बोलायचं ठरवलं होतं. खाली आल्यावर म्हटलं, "आज गारठा आहे."

२४ नोव्हेंबर, सोमवार

जेवणाच्या सुटीत जुन्या भट्टीकडे गेलो. तिथे आता पैलवान असतो. माझ्यानंतर तोच. अंगाने दांडगा म्हणून पैलवान, एरवी पालीला घाबरतो. भट्टीला पाठ लावून, मांडीवर डबा उघडून जेवत होता.

"हात धुतलास का?"

"आलं बघा सासूबाईंचं विचारणं! धुतले. तुमच्या स्वच्छ खोलीतल्या माणसाने आमच्याकडे कशी वाट वाकडी केली? भूत बघायला आलात?"

"कसलं भूत?"

"वस्ताद हो. इथेच असतात. परवा मी मूस वाजवली नाही तर तिने आपणच आवाज दिला." मोठ्याने हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "अहो, गंमत केली. वीट थंड होताना टिचकते, तुम्हीच तर शिकवलंत."

मी शिकवलं होतं खरं.

निघताना म्हणाला, "ते तुमचं एक्केचाळीस का बेचाळीस, त्यावर सही झाली की मला तुमच्या खोलीत घेणारेत म्हणे. बायकोला सांगून टाकलंय. आता घोळ घालू नका म्हणजे झालं."

सांडशी उचलायला वळला तेव्हा उजवा हात झटकत होता. मुंग्या येतात म्हणाला. वजन उचलून येतात.

त्याच्यासाठी गप्प बसावं असं वाटलं. दारापर्यंत येईतो वाटलं, गप्प बसून ह्याला माझ्या खोलीत घेतलं, आणि पुढे कधीतरी कुणीतरी एक्केचाळीसची चकती फोडून आत शिसं दाखवलं, तर लोक काय म्हणतील? बिनशिशाचं म्हणून काही नसतंच, ती सगळी बनवाबनवी असते, असंच म्हणतील. मग पुन्हा कोणी प्रयत्नसुद्धा करणार नाही. मग सहा नाही, साठ माणसं उभी राहतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी मॅडम एकट्या होत्या, पंख्याखाली कागद दाबून बसल्या होत्या. मी डबा फळीवरून काढून फडक्यात गुंडाळून नेला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"शिशाची पावडर. आपल्या भट्टीमागे वर्षभर होती. मी ठेवली होती."

त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात लावला नाही. मी घासाची रीत सांगितली, एकोणतीस तारीख सांगितली, वस्तादांचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज शाळकरी पोरासारखा झाला.

"टाकलीत, हे आठवतंय का?"

"आठवत नाही. टाकली नाही हेही आठवत नाही. म्हणून तर झोप नाही."

खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पंधरा तारीख झाल्यावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो."

मला वाटलं, झालं. आता त्याच मला गप्प राहायला सांगणार. आणि त्यांनी सांगितलं असतं तर मी राहिलो असतो, हेही लिहून ठेवतो.

त्या वळल्या. "नसतं चाललं," म्हणाल्या. "बसा. एक्केचाळीस तपासायला पाठवते. नुसता तोच नको, आगेमागचेही पाठवू, म्हणजे मोजायला माप राहील. अडतीसपासून चव्वेचाळीसपर्यंत सगळे."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पोटात कळा. अर्धा दिवस रजा. ही म्हणाली, मनात ठेवलेलं पोटात उतरतं. मग तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगितलंत ना? मग आता कळ का येते?"

४ डिसेंबर, गुरुवार

अहवाल आला.

एक्केचाळीस स्वच्छ. शिशाचा मागमूस नाही.

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस – सगळ्यांत शिसं आहे. थोडं, पण आहे.

मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मला वाटलं ओळी उलट्या छापल्यात. तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मीही तसंच समजून त्यांना फोन केला. उलट्या नाहीत. या पावडरीला शिसं सोसत नाही, दाणे नीट वाढत नाहीत. आपले घाणे शिसं नसल्यामुळे पडत नव्हते. असल्यामुळे पडत होते."

म्हणजे चिमूट टाकलीच नव्हती. वस्तादांनी माझा हात धरला नव्हता. मी मोकळा झालो असं वाटलं. जेमतेम एक क्षण.

"एक्केचाळीसला तुम्ही काय केलंत, पुन्हा एकदा सांगा," मॅडम म्हणाल्या.

"काहीच केलं नाही. हात बांधला होता."

"एरवी काय करता?"

"एरवी सगळं मीच करतो. चाळतो, दाबतो, रचतो."

"कपडे?"

"हेच. वरून एप्रन." माझा कॅनव्हासचा एप्रन आहे, शिशाच्या भट्टीपासूनचा. इथे सगळे पांढरे कोट घालतात. मला पांढऱ्या कोटात न्हाव्यासारखं वाटतं.

"आणि त्या दिवशी?"

"एका हाताने नाडी बांधता येईना. म्हणून एप्रन घरीच ठेवला, ही धुणार होती."

चष्मेवाली लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. मी खाली माझ्या अंगाकडे बघितलं. एप्रनच्या खिशाच्या शिवणीत राखाडी रेघ होती. मला वाटायचं ती कापडाचीच आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

ओल्या कापसाचे बोळे फिरवले. एप्रन, टॉवेल, कपाटाचा खण, चष्म्याची दांडी, जेवणाच्या डब्याची कडी, माझी नखं. सगळीकडे शिसं. डब्यातल्या पावडरीचं नाही, डबा घट्ट बंद होता. माझ्याबरोबर जे चालत आलं ते.

शेवटची पावडर चष्मेवाली भरणार. मी खोलीत यायचं नाही. मॅडमनी हे कसं सांगावं म्हणून फार घोळवलं, शेवटी मीच म्हटलं, "समजलं. मी बाहेर बसतो."

काचेबाहेर स्टूल टाकून बसलो. त्या मूस उचलून काचेजवळ आणत होत्या, मी मान हलवत होतो. एकदा त्यांनी मूस नखाने वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. काचेतून आवाज येत नाही. तरी मी मान हलवली.

शिशाला हाकलायचं म्हणून वर्षभर राबलो. शिसं माझ्याच अंगावर बसून रोज आत येत होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

पंचेचाळीस – तीनशे पंच्याऐंशी.

आत टाळ्या वाजल्या. साहेब उष्मा विसरून दहा मिनिटं उभे राहिले. पंधरा तारखेची वाट न बघता त्यांनी वर कळवून टाकलं. एक जानेवारीपासून शिशाची भट्टी बंद. पैलवान बातमी ऐकून धावत आला, माझ्या पाठीत थाप मारणार तोच थांबला. त्यालाही कळलेलं दिसतं. मग हात जोडून नमस्कार केला, थट्टेत नव्हे.

देवाने मागितलेलं दिलं. मी काचेवर कपाळ टेकवून उभा होतो. काचेवर डाग राहिला तो कागदाने पुसला, आणि तो कागद कुठे टाकायचा ते कळेना.

१० डिसेंबर, बुधवार

कंपनीने डॉक्टरबाईंकडे पाठवलं. रक्त घेतलं. मुंग्या येतात का, पोटात कळा येतात का, तोंडाला चव कशी आहे, सगळं विचारलं. मी हो म्हणत गेलो. गोड चवीचं विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी ती वस्तादांची समजत होतो. नखाच्या आवाजाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग म्हणाल्या, "कामाचे कपडे कोण धुतं?"

"घरी. ही धुते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. बावीस."

"कसे धुते?"

मला माहीत होतं. रोज बघतो. आधी मागच्या दारी नेऊन एप्रन झटकते, दोन-चारदा, तोंड बाजूला करून. धूळ तशीच भिजवली तर पाणी मळतं म्हणून. मग हाताने घासते.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. "त्यांनाही घेऊन या. रक्त बघू."

घरी आल्यावर एप्रनचं विचारलं तर म्हणाली, "आज आणला नाहीत का? धुवायची सोय करून ठेवली होती." बादली भरलेली होती. मी ती ओतून दिली. ती बघत राहिली.

दोनदा आम्हाला आशा लागली होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आणि पाचव्या वर्षी. दोन्ही वेळा तिसरा महिना सरला नाही. देवाची इच्छा, असं मी म्हटलं होतं. तिला जवळ बसवून, मोठ्या समजुतीने म्हटलं होतं. आज त्या वाक्याची लाज वाटते. आज देवापुढे बसलो नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

हिचा आकडा माझ्याहून जास्त आला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मुलं?" ही नेहमी नाहीत म्हणते आणि दुसरं काही बोलू लागते. आज माझ्याकडे न बघता म्हणाली, "चारदा दिवस गेले होते. चारही राहिली नाहीत."

मला दोनच माहीत होती.